आक्काचा घास

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. उभं आयुष्य त्याने शिड्यांवर, लिफ्टच्या खड्ड्यांत आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोल्यांत घालवलं होतं. हाताखालच्या माणसांना तो सांगायचा की मी दोघांनाच भितो, झिजलेल्या दोराला आणि माझ्या थोरल्या बहिणीला. माणसं हसायची. त्यांनी आक्काला पाहिलं नव्हतं म्हणून हसायची.

आक्का त्यांच्या खानदानातली पहिली पदवीधर. ती पदवी घ्यायला गेली त्या दिवशी आईबाप बरोबर होते. निघायच्या गडबडीत खायचा डबा घरीच राहिला, वाटेत गाडी बंद पडली, आणि दोघं दिवसभर उपाशी राहिले. समारंभ आटोपल्यावर आक्काने बाहेरच्या दुकानातून केक घेतला आणि अंगातला काळा झगा न काढता दोघांना आपल्या हाताने भरवला. बाप तिथेच रस्त्यात रडला. तोपर्यंत त्या घरात कोणी बापाला रडताना पाहिलं नव्हतं. झालं, तेवढं पुरलं. पुढच्या भावाच्या वेळी आई आपणहून उपाशी राहिली, त्याच्या पुढच्या वेळी बापाने तसं ठरवूनच टाकलं, आणि बघता बघता त्याची रीत झाली. लेकराच्या हातात पदवी पडेपर्यंत आईबापांनी पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. पहिला घास लेकराच्या हातचा. केक लेकरानेच आणायचा.

ही रीत पुढे चुलत-मावस घरांतही गेली. तिला नाव पडलं, आक्काचा घास. आक्का प्रत्येक समारंभाला हजर असायची आणि कोणाच्या मिशीला काय लागलंय हे तिला पाठमोरं बसूनही कळतं, असं भाचरं म्हणायची. एका मेहुण्याने मुलीच्या समारंभाच्या सकाळी चहात बिस्किट बुडवलं, तर आक्का त्याच्याशी वर्षभर बोलली नाही. मेहुणा अजून सांगतो की संसारातलं तेवढंच एक वर्ष निवांत गेलं.

मिस्त्री स्वतः पदवीपर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास झाला आणि हातात पाना घेतला. आईबापांना त्याच्या हातचा घास मिळाला नाही. आक्का ते कधी बोलून दाखवत नसे, पण तिच्या समोर बसलं की मिस्त्रीला ते ऐकू यायचं.

त्याला दोन मुलं. थोरला आता दूरच्या शहरात नोकरीला होता. त्याच्या पदवीच्या आठवड्यातच मिस्त्रीच्या बायकोला साखरेचा आजार निघाला. ती हॉस्पिटलात, तेही ज्या हॉस्पिटलात ती टेलिफोन जोडून द्यायला बसायची तिथेच, आपल्याच लोकांच्या देखरेखीत पडून होती. मिस्त्री एकटा समारंभाला गेला, उपाशी राहिला, आणि थोरल्याने भरवलेला घास एकट्याने खाल्ला. थोरल्याने आईसाठी केकचा तुकडा जपून आणला होता. तो नर्सने पलंगापाशी पोचायच्या आतच काढून घेतला. बायको तेव्हा हसली होती. पण नंतर कधीही विषय निघाला की ती म्हणायची, माझा एक घास राहिलाय हं. म्हणायची हसत, पण विसरायची नाही.

आता धाकटीची पदवी आली होती.

मिस्त्रीने महिनाभर आधीच बायकोला सांगून ठेवलं की या वेळी उपास नाही. तिला रोज सकाळी इन्सुलिन लागायचं, आणि ती सुई मिस्त्रीच द्यायचा, कारण स्वतःला टोचायचं म्हटलं की तिचे हातच चालत नसत. सुई दिली की खायलाच हवं. नाहीतर साखर उतरते, आणि उतरलेली साखर वाढलेल्या साखरेपेक्षा वाईट. हे त्याला डॉक्टरने सांगितलं होतं, आणि एकदा स्वयंपाकघरात त्याने ते डोळ्यांनी पाहिलंही होतं. ती ओट्याला टेकून उभी होती, त्याच्याकडे बघून हसत होती, आणि तो कोण आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मग ती खाली बसली आणि मग आडवी झाली. त्या दिवसापासून त्याच्या कामाच्या शर्टात चघळायच्या साखरेच्या गोळ्या असायच्या, तिच्या पर्समध्ये असायच्या, उशाखाली असायच्या.

बायको वाद घालेल असं त्याला वाटलं होतं. तिने घातला नाही. ती म्हणाली की अर्धी रीत पाळू, सकाळी न्याहारी करीन आणि मग घासापर्यंत काही घेणार नाही, फक्त आक्कांना सांगू नका. मिस्त्रीला ते पटलं. लगेच पटलं. इतकी सरळ ती आयुष्यात कुठल्या गोष्टीला तयार झाली नव्हती, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

समारंभाच्या सकाळी त्याने नेहमीसारखी सुई दिली आणि बूट पुसायला बसला. ती ताटली घेऊन आत गेली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, खाल्लंस का. आतून आवाज आला, खाल्लं की, ताटली धुऊनसुद्धा झाली. मिस्त्रीने दुसरा बूट घेतला.

समारंभाचं सभागृह मोठं होतं. खाली पुढच्या रांगांत काळे झगे घातलेली मुलं, त्यांच्या मागे पाहुणे, आणि आईबापांना वर गॅलरीत जागा. कडेची खुर्ची मिस्त्रीची, शेजारी बायको, तिच्या पलीकडे आक्का. आक्काने जाड काचांचा चष्मा आणला होता आणि मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरून ती परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. गॅलरीच्या दारात एक रखवालदार होता. खायची वस्तू आत नेऊ देत नव्हता.

धाकटी खाली चौथ्या की पाचव्या रांगेत होती. वरून नुसत्या टोप्या दिसत होत्या, पण बायकोने तिला लगेच ओळखलं. ती बघा, मान खाजवतेय ती, असं म्हणाली. मग तिने आक्काला धाकटीच्या नव्या नोकरीबद्दल सांगितलं, खोलीबद्दल सांगितलं, खोलीच्या मालकिणीचं नाक कसं आहे तेही सांगितलं. टेलिफोनवर बसून बसून तिला बोलायची सवय होती आणि आज तर तिला धरबंधच नव्हता.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. मग भाषणं झाली. मग एकेका विभागाची नावं पुकारायला सुरुवात झाली. धाकटीचा विभाग शेवटून दुसरा होता.

बायकोचं बोलणं कधी थांबलं हे मिस्त्रीला कळलं नाही. त्याला कळलं तेव्हा ते थांबून बराच वेळ झाला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती आणि तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

गॅलरीत गारवा इतका होता की मिस्त्रीची पावलं बुटात गार पडली होती.

त्याने तिचा हात हातात घेतला. ओला होता. बोटं बारीक थरथरत होती, वीज चालू असलेल्या तारेवर हात ठेवावा तशी. त्याने हळूच विचारलं, बरं वाटतंय ना. ती म्हणाली, उकडतंय. त्याने विचारलं, सकाळी काय खाल्लंस. तिने समोरची नजर हलवली नाही.

"घास झाला की खाणारच आहे," ती म्हणाली.

त्याने पुन्हा विचारलं आणि मग ते सगळं बाहेर आलं, तुटक तुटक, एकेक शब्द शोधत. न्याहारी तिने कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. सुई घेतली कारण घेतली नसती तर त्याला संशय आला असता. दुपारपर्यंत निभेल असं तिला वाटलं होतं. एकदाचंच तर आहे, असं ती म्हणाली.

त्याचा हात आपोआप छातीच्या खिशाकडे गेला. आज अंगात कोट होता. गोळ्या कामाच्या शर्टात, शर्ट घरी खुंटीवर. त्याने तिची पर्स उघडली. रुमाल, चष्मा, किल्ल्या. गोळ्यांचा कप्पा रिकामा होता. ती म्हणाली, काढून ठेवल्या, उगाच मोह नको. आणि हसली. ते हसू मिस्त्रीला ओळखीचं होतं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी ते त्याने पाहिलं होतं.

तो तिच्या अंगावरून वाकून आक्काशी बोलला. हिने सुई घेतलीय आणि काही खाल्लेलं नाही, साखर उतरतेय, आत्ता काहीतरी गोड द्यायला हवं. आक्काने वहिनीकडे चष्म्यावरून पाहिलं. म्हणाली की चेहरा जरा उतरलाय खरा, पण एवढं काही नाही, आता दोनच विभाग राहिलेत. धीर धर बाळ्या, म्हणाली. आपली आई नाही का दिवसभर राहिली होती.

"आपल्या आईला साखर नव्हती, आक्का."

पुढच्या खुर्चीवरच्या माणसाने मागे वळून हळू बोला अशी खूण केली. आक्का मंचाकडे बघू लागली. बायकोने मात्र स्पष्ट सांगितलं की मी पोरीच्या हातचंच खाणार, दुसऱ्या कोणाच्या हातचं तोंडात घेणार नाही, तुम्ही बसा. तिने त्याची बाही धरली. मिस्त्रीने तिची बोटं एकेक करून सोडवली. ती घट्ट होती. आजाराने आलेला हट्ट कुठला आणि तिचा स्वतःचा कुठला, हे त्याला कळेना, आणि कळायची वाट बघत बसायला वेळ नव्हता.

तो उठला. बाहेर लिफ्ट दार उघडं टाकून उभी होती. जन्मभर त्याने लोकांना सांगितलं होतं की लिफ्टला भिऊ नका, जिन्यात जास्त माणसं पडतात. तो जिन्यानेच धावला. आज कुठेही अडकून चालणार नव्हतं.

खाली दालनात चहाचं टेबल मांडलेलं होतं. एक बाई कप पुसून पालथे घालत होती. तिने सांगितलं की कार्यक्रम संपल्याशिवाय चहा नाही. त्याने साखरेचं भांडं ओढलं आणि मूठ आत घातली. बाई ओरडणार होती, पण तिने त्याचं तोंड पाहिलं आणि थांबली. त्याने एवढंच सांगितलं की वर बायको बसलीय, तिची साखर उतरलीय, जमलं तर गोड चहा पाठवा. बाईने काही न विचारता कप सरळ केला.

जिना चढताना भिंतीवरच्या कर्ण्यांतून नावं ऐकू येत होती. विभाग बदलला. धाकटीचा विभाग लागला. मिस्त्रीची मूठ घामाने ओली व्हायला लागली आणि त्याला भीती वाटली की साखर हातातच विरघळून जाईल. त्याहून मोठी भीती मनात यायला बघत होती, तिला तो पायऱ्या मोजून थोपवत होता. वर गेल्यावर ती बसलेली असेल ना. मान सरळ असेल ना. आक्का ओरडली असती तर ऐकू आलं असतं. आक्काला ओरडायची सवय नव्हती.

दारात रखवालदाराने अडवलं. मुठीत काय आहे म्हणाला. मिस्त्रीने मूठ उघडली. रखवालदाराने साखरेकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं, आणि बाजूला झाला.

बायको बसलेली होती. मान एका बाजूला कलली होती आणि डोळे उघडे होते. ती बोलत होती. हळू, नेहमीच्या कामावरच्या आवाजात, कानाला काही लावल्यासारखा एक हात वर धरून.

"लाइन चालू आहे. थांबा. जोडते हं, थांबा."

आक्काचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पर्स सोडली होती आणि ती खाली पायात पडली होती. ती मिस्त्रीला म्हणाली की केव्हापासून असंच चाललंय, मला ओळखत नाही ही, मला म्हणाली तुमचा नंबर सांगा.

मिस्त्री गुडघ्यावर बसला. त्याने साखरेची चिमूट तिच्या ओठांशी नेली. ओठ मिटले. त्याने हनुवटी धरली, तिने मान फिरवली. दात घट्ट आवळलेले. ती कुठे होती कोणाला ठाऊक, पण ही एक गोष्ट तिच्याबरोबर तिथेही गेली होती. पोरीच्या हातचा, असं ती दातांतून म्हणाली.

त्याने मान वर करून बहिणीकडे पाहिलं.

"आक्का, तू सांग तिला. तुझं ऐकेल ती."

आक्काने खाली पाहिलं. धाकटी आता रांगेतून उठली होती. मंचाच्या पायऱ्यांशी मुलं ओळीने उभी होती आणि तिच्या पुढे तीन-चार जणच राहिले होते. आक्काचे ओठ हलले. ती कितीतरी समारंभांना गेली होती. कितीतरी घास तिने पाहिले होते, आणि प्रत्येक घासात तिचा बाप पुन्हा एकदा रस्त्यात रडला होता.

"आलंच नाव, बाळ्या," ती म्हणाली. "एवढं..."

मिस्त्रीने तिची वाट पाहिली नाही. त्याने मुठीतली चिमूटभर साखर उचलली, बायकोच्या डोळ्यांसमोर धरली, आणि आपल्या तोंडात टाकली. तोंड उघडं ठेवून चावली. तिला दिसावं म्हणून, आक्कालाही दिसावं म्हणून.

"मी खाल्लं," तो म्हणाला. "मोडली रीत. मी मोडली. आता तू कोणासाठी थांबलीस?"

पुढचा माणूस पुन्हा मागे वळला. या वेळी त्याने गप्प बसायची खूण केली नाही.

बायको मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला समजलं की नाही हे त्याला पुढेही कधी कळलं नाही. कदाचित समजलं असेल. कदाचित तेवढी ताकदच उरली नसेल. पण जबडा सैल पडला. त्याने बोटावर साखर घेतली आणि तिच्या गालाच्या आतून, हिरड्यांवर चोळली. घशात अडकेल या भीतीने थोडी थोडी, पुन्हा थोडी. तिचं डोकं मागे कलंडायला लागलं. तेव्हा आक्का खुर्चीतून उठली, दोन रांगांमधल्या चिंचोळ्या जागेत कशीबशी गुडघे टेकून बसली, आणि तिने वहिनीचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. त्या वयात आणि त्या गुडघ्यांनी. तिची पाठ मंचाकडे होती.

धाकटीचं नाव पुकारलं गेलं.

मिस्त्रीने ते ऐकलं. लख्ख ऐकलं, आडनावासकट. त्याचं बोट बायकोच्या गालात होतं आणि डोळे तिच्या डोळ्यांवर. खाली टाळ्या झाल्या आणि थांबल्या. पुढचं नाव आलं. त्या घरात इतक्या पदव्या झाल्या, पण घरच्या एकाही माणसाने न पाहिलेली ही एकच.

चहावाली बाई स्वतः वर आली होती. रखवालदाराने तिला आत सोडलं. गोड चहा मिस्त्रीने घोट घोट पाजला. अर्धा कोटावर सांडला. बायको कधी गिळायची, कधी नळीतून पाणी जावं तसा चहा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायचा. मिस्त्री तिच्या मनगटावरची नाडी बोटाने धरून होता आणि मनात म्हणत होता, बघ माझ्याकडे, बघ, शिवी दे, काही कर. शेवटचा विभाग अर्ध्यावर गेला असेल तेव्हा तिच्या कपाळाला सुरकुती पडली. मग तिने मिस्त्रीच्या कोटाकडे पाहिलं.

"अहो, हे काय सांडलंत," ती म्हणाली.

मिस्त्रीने रिकामा कप खुर्चीखाली सारला. आक्का हात टेकत उठली आणि खुर्चीत बसली. तिने चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिली.

बायकोने इकडेतिकडे पाहिलं. जरा डोळा लागला वाटतं, म्हणाली. मग एकदम ताठ झाली आणि तिने विचारलं की नाव झालं का. तिने पुन्हा विचारलं, या वेळी आक्काकडे वळून. झालं, असं आक्का म्हणाली.

"आणि मी झोपले होते? कशी दिसत होती?"

मिस्त्रीने बहिणीकडे पाहिलं. आक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"छान दिसत होती," आक्का म्हणाली. "सरळ चालली. जराही अडखळली नाही."

आक्का खोटं बोलल्याचं मिस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बायको खूश झाली. तिने रुमालाने तोंड पुसलं, केस नीट केले, आणि तोंड गोड गोड का लागतंय असं स्वतःशीच म्हणाली. मिस्त्री तिच्याकडे बघत होता. तिला काही आठवत नव्हतं. ना साखर, ना चहा, ना त्याचं चावणारं तोंड. तिच्या हिशेबी ती सकाळपासून उपाशी बसली होती, जराशी डुलकी लागली होती, आणि रीत अजून जशीच्या तशी होती.

समारंभ संपला. माणसं उठायला लागली. गर्दीतून वाट काढत धाकटी जिन्याने वर आली, झगा गोळा करून, टोपी काखेत, हातात केकचा डबा. दारापासूनच बोलत आली. मंचावरून वर बघितलं पण दिव्यांमुळे काहीच दिसलं नाही, पाहुण्यांचा हात किती मऊ होता, पुढच्या मुलाची टोपी पडली. मग म्हणाली की आधी तुम्हा दोघांना भरवते, आत्या डोळे वटारायच्या आत.

धाकटीने डबा उघडला, तुकडा मोडला आणि आईच्या तोंडाशी धरला. बायकोने दोन्ही हातांनी मुलीचं मनगट धरलं आणि घास घेतला. डोळे मिटून घेतला. खाताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मिस्त्रीने तिला इतकं आनंदात थोरला जन्मला तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

मग घास तोंडात असतानाच ती त्याच्याकडे वळली. बघा, म्हणाली, काही झालं का मला. उगाच घाबरवत होतात महिनाभर. आक्का, तुमच्या नातवाची पुढच्या वर्षी आहे ना? तेव्हा आजी म्हणून मीसुद्धा बसणार हं उपाशी, त्याच्या आईबापांबरोबर, आणि पुढे थोरल्याच्या पोराच्या वेळीही, बघू कोण अडवतं. धाकटी हसली. तिने बापासाठी दुसरा तुकडा मोडायला घेतला.

मिस्त्रीला गॅलरीतला गारवा पुन्हा जाणवला. आत्तापर्यंतची भीती धावायची होती, हाताने काहीतरी करायची होती. ही तशी नव्हती. ही समोर बसून केक खात होती. पुढच्या वर्षी तो शेजारी असेल की नाही, असला तर वेळेत बघेल की नाही, खाली साखरेचं भांडं असेल की नाही. आणि ती पुन्हा न्याहारी कागदात गुंडाळेल, हसत हसत, कारण आज काही झालंच नव्हतं.

खुर्च्यांच्या आड आक्काने हात लांब केला आणि त्याची बाही दाबली. राहू दे, असा तो हात म्हणत होता. खाऊ दे तिला. घरी गेल्यावर सांग, उद्या सांग.

घरी गेल्यावर त्याला धीर होणार नाही हे मिस्त्रीला ठाऊक होतं. उद्या तर मुळीच नाही. रोज सकाळी हातात सुई असेल, ती बोलत असेल, आणि तो म्हणेल की आज नको.

धाकटीने घास त्याच्यापुढे धरला. त्याने तिचा हात हळूच खाली केला.

"अगं, ऐक," तो बायकोला म्हणाला. "हा तुझा पहिला घास नव्हता."

ती चावायची थांबली.

"पहिला मी दिला. साखर दिली, बोटाने. त्याच्या आधी मी स्वतः खाल्ली, तुझ्यादेखत. तू मला ओळखत नव्हतीस. आक्कालाही ओळखत नव्हतीस." मग तो मुलीकडे वळला, कारण तेही राहून चालणार नव्हतं. "आणि तुझं नाव घेतलं तेव्हा आमच्यातलं कोणीच तुझ्याकडे बघत नव्हतं, बाळा."

धाकटीच्या हातातला तुकडा तसाच राहिला. ती आईकडे बघू लागली, मग आईच्या हनुवटीवर सुकलेल्या चहाकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. बायकोने आक्काकडे पाहिलं. नाही म्हणा, असं तिने नुसत्या डोळ्यांनी विनवलं.

"खरं आहे ते, वहिनी," ती शेवटी म्हणाली.

बायकोने घास गिळला. तिने मिस्त्रीकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला वाटलं, आता ही माझ्याशी वर्षभर बोलणार नाही, किंवा जन्मभर. चालेल, असं त्याने मनाशी म्हटलं, बोलू नकोस, पण अस. तो तिच्यासमोर खाली बसला, तिने ओढून घेतलेला हात पुन्हा धरला, आणि तिच्या ओठावर पहिल्यांदा घाम दिसला तिथपासून सगळं, काहीही न वगळता, सांगायला लागला.